झोपलेल्या माणसाचं चित्र

चित्रकाराला आयुष्यात सगळ्यात जास्त दाद मिळाली ती एका झोपलेल्या माणसाच्या चित्राला, आणि नेमक्या त्याच चित्राबद्दल तो अडतीस वर्षं खोटं बोलत आला होता.

ते चित्र म्हणजे दारूच्या व्यसनाविरुद्धचं एक पोस्टर. खुर्चीत कलंडलेला माणूस, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, गालांवर दोन दिवसांचे खुंट, आणि छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली बाटली. खाली एकच ओळ, 'घरी याची कोणीतरी वाट बघतंय.' आरोग्य खात्याने ते हजारोंनी छापलं आणि दवाखान्यांत, शाळांत, बसस्टॉपवर, जिथे म्हणून भिंत मोकळी दिसली तिथे चिकटवलं. तेव्हा चित्रकार बावीस वर्षांचा होता. त्या एका पोस्टरमुळे त्याला कामं मिळाली, नाव मिळालं आणि वर एक बक्षीसही मिळालं.

बक्षीस घेताना कुणीतरी विचारलं, "हा चेहरा सापडला कुठे तुम्हाला?" तो म्हणाला, "दारूच्या दुकानासमोर दहा दिवस बसून होतो." खोट्याच्या कपाळी गोटा असं म्हणतात, पण याच्या वाट्याला टाळ्या आल्या. मग काय, पुढच्या वेळी दुकानाला पायऱ्या फुटल्या, त्याच्या पुढच्या वेळी पायरीवर झोपणारं एक कुत्रं आलं. होता होता त्याला स्वतःलाच ते कुत्रं आठवायला लागलं.

दुकान नव्हतं आणि कुत्रंही नव्हतं. तो चेहरा त्याच्या भाऊजींचा होता, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. आणि भाऊजींनी उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं.

चित्रकाराची साठी उलटली तेव्हा एका लेखिकेने त्याच्यावर पुस्तक लिहायला घेतलं आणि सोबत त्याच्या चित्रांचं प्रदर्शनही ठरलं. बाई मोठी चिकाटीची. आठवड्यातून दोनदा यायची, एकेक चित्र समोर ठेवायची आणि विचारायची, "हे आलं कुठून?" बाकीच्या चित्रांबद्दल तो खरं सांगायचा. गोष्टींच्या पुस्तकातला हत्ती त्याने एका पोस्टमास्तरांच्या चालण्यावरून काढला होता. चेटकिणीची बोटं कलाशाळेतल्या मास्तरांची होती, मास्तरांना ते ठाऊक होतं आणि ते ती बोटं नाचवून वर्गाला घाबरवायचेसुद्धा. बाई खुश होऊन सगळं टिपून घ्यायची. मग एके दिवशी ती म्हणाली, "ती दुकानासमोरची वही दाखवा ना. दहा दिवसांत कितीतरी स्केचं झाली असतील. पुस्तकात छापू, आणि प्रदर्शनात काचेखाली ठेवू."

"शोधावी लागेल," चित्रकार म्हणाला.

शोधायला कशाला लागते? माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या ब्रशांच्या खाली, वही कुठे आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. बाई गेल्यावर तो स्टुलावर चढला, पेटी उतरवली आणि जमिनीवरच बसून त्याने वही उघडली. अकरा चित्रं होती. अकराही भाऊजींची.

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. ताईने त्याला आपल्या घरी आणलं. घर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत उजेड चांगला म्हणून भाऊजींनी तिथला आपला पलंग हलवला आणि याच्यासाठी चित्रांचं टेबल मांडलं. स्वतः ते बाहेरच्या खोलीत लाकडी खुर्चीत झोपायचे. भाऊजी सिटी बसवर ड्रायव्हर. पहाटेची पहिली गाडी त्यांची, म्हणून दुपारी घरी आले की खुर्चीत बसायचे आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचे. संध्याकाळी पुन्हा ड्युटी असायची. गजराचं घड्याळ ते छातीशी दोन्ही हातांनी दाबून धरायचे. गजर झाला की आवाज शर्टातच दबायचा, आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या पोराला त्रास व्हायचा नाही.

पोर अभ्यास करत नव्हतं. दाराच्या फटीतून ते भाऊजींचं चित्र काढत होतं. इतका वेळ न हलणारं मॉडेल फुकटात कुठे मिळतं?

पोस्टरचं काम आलं आणि मुदत होती पाच दिवसांची. चित्रकाराने दारुडे काढून पाहिले. सगळे नाटकातले वाटत होते, नाक लाल, टोपी तिरकी. चौथ्या दिवशी त्याने वही उघडली, भाऊजींची मान, तोंड, हात उचलले, गालांवर खुंट चढवले आणि घड्याळाच्या जागी बाटली काढली. चित्र एकदम जिवंत झालं. मग त्याला भीती वाटली. त्याने नाक बसकं करून पाहिलं, चित्र मेलं. भुवया जाड केल्या, आणखीच मेलं. शेवटी त्याने नाक परत होतं तसं केलं, भुवया परत होत्या तशा केल्या आणि स्वतःला सांगितलं, कोण ओळखतंय? हे त्याने नकळत केलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण त्याने रबराने खोडून, विचार करून, जाणूनबुजून केलं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे असतात, याने वासे विकले होते.

पोस्टर लागल्यावर साधारण पंधरा दिवसांनी तो भाऊजींच्याच बसमध्ये मागे बसला होता. एका स्टॉपवर एक बाई लहान मुलीला घेऊन चढली. तिने ड्रायव्हरकडे पाहिलं, स्टॉपच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं, पुन्हा ड्रायव्हरकडे पाहिलं आणि मुलीचा हात ओढून खाली उतरली. "याच्या गाडीत नको गं बाई," असं ती मोठ्याने म्हणाली. बसमध्ये माना वळल्या. कुणीतरी खिदळलं. चित्रकाराने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि पुढच्या स्टॉपवर मागच्या दाराने उतरून गेला. त्याला अजून चार स्टॉप जायचं होतं.

घरी कुणी काही बोललं नाही. त्यानेही तोंडात मूग धरले. वर्षभरात तो वेगळ्या खोलीत राहायला गेला. मग एक वाईट गोष्ट घडली, ती अशी की त्याला भाऊजींचा राग यायला लागला. त्यांचं जेवताना आवाज करणं, बशीतून चहा पिणं, तेच तेच विनोद, सगळं खटकायला लागलं. आपण ज्याचं वाटोळं करतो त्याच्यात खोट सापडली की बरं वाटतं. जाणं-येणं कमी झालं. भाऊजींनी बस सोडून डेपोच्या वर्कशॉपमध्ये बदली घेतल्याचं त्याला ताईकडून कळलं. "गुडघे दुखतात रे," असं भाऊजी म्हणाले होते आणि त्याने ते खुशाल मानलं होतं.

वही मांडीवर घेऊन तो बराच वेळ जमिनीवर बसला. आता हे खोटं पुस्तकात छापलं जाणार होतं. तोंडाने बोललेलं वाऱ्यावर तरी जातं. छापलेलं तो मेल्यावरही तसंच राहिलं असतं, भाऊजी गेल्यावरही. त्याला स्वतःची शिसारी आली. वही पिशवीत घालून तो तसाच ताईकडे निघाला.

ताईने दार उघडलं. "अगं बाई, सोन्या! आज सूर्य कुठून उगवला?" साठी उलटली तरी तो तिच्यासाठी सोन्याच होता. भाऊजी टेबलाशी मटार सोलत बसले होते. चौऱ्याहत्तरचे झाले होते, केस गेले होते, नाक मात्र तेच.

"बस. असं तोंड करून काय आलास? कुणी गेलं की काय?"

त्याने वही त्यांच्यासमोर उघडली. भाऊजींनी चष्मा चढवला. "हा तर मीच की! केस बघ गं, केवढे होते."

"भाऊजी, ते पोस्टर…"

"माहीत आहे रे."

"कधीपासून?"

"लागलं त्या दिवसापासून. रोज आरशात दाढी करतो मी. हा चेहरा नाही ओळखणार?" त्यांनी एक शेंग फोडली. "आणि बसमधून उतरलास तेही माहीत आहे. ड्रायव्हरला मागचं दिसायला आरसा असतो, सोन्या."

चित्रकाराला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. जमिनी अशा मागून दुभंगत नाहीत. तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला.

"बोलला का नाहीत तुम्ही?"

"काय बोलणार? तुझं पहिलं काम. नाव होत होतं."

"मी सांगते," ताई म्हणाली. ती अजून दारापाशीच उभी होती. "चार वर्षं, सोन्या. चार वर्षं डेपोचा सुपरवायझर यांना रोज पहाटे सगळ्यांसमोर तोंड उघडायला लावायचा. वास घ्यायला. ज्यांनी कधी थेंब चाखला नाही त्यांचा. डेपोत यांना 'बाटली' म्हणायचे. 'ए बाटली, गाडी काढ.' प्रवाशांच्या तक्रारी यायला लागल्या तेव्हा यांना गाडीवरून उतरवलं आणि वर्कशॉपमध्ये टाकलं. पुन्हा स्टिअरिंगला हात लावू दिला नाही."

"पण गुडघे…"

"कसले गुडघे? यांचे गुडघे आजही तुझ्यापेक्षा धड आहेत! जिना बघ कसे चढतात." तिचा आवाज फाटला. "मी एक पोस्टर फाडलं होतं दवाखान्यातलं. घरी येऊन यांना सांगितलं तर मलाच रागावले. म्हणे, पोराने एवढ्या मेहनतीने काढलंय."

भाऊजी मटारकडे बघत होते. "जाऊ दे गं. जुनं झालं."

चित्रकाराने हात जोडले, माफी मागितली, आणि म्हणाला, "मी सांगतो सगळं. प्रदर्शनाच्या दिवशी, लोकांसमोर. पुस्तकातही खरंच येईल."

"नको," भाऊजी म्हणाले. इतका वेळ हसत होते, आता हसले नाहीत. "हे बघ, पोस्टर कधीच निघालं भिंतींवरून. आता रस्त्याने जाताना कुणी वळून बघत नाही माझ्याकडे. तू सांगितलंस की परत बघतील. तुझं मन हलकं होईल रे, पण तोंड माझं आहे."

"वा!" ताई म्हणाली. "बदनामी चव्हाट्यावर आणि माफी स्वयंपाकघरात? मुळीच नाही. तो सांगेल. सगळं सांगेल. बसचंसुद्धा आणि वर्कशॉपचंसुद्धा. मला पहिल्या रांगेत बसून ऐकायचंय."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. पन्नासेक वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी फारसं काही मागितलं नसावं. "बरं," ते म्हणाले. "हिचं समाधान होत असेल तर सांग."

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मंचाच्या मागे ते पोस्टर माणसाहून मोठं करून लावलं होतं. पहिल्या रांगेत ताई आणि भाऊजी बसले होते. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की गाल चमकत होते. चित्रकार माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी दारूच्या दुकानासमोर कधीच बसलो नाही."

मग त्याने दोन खोल्यांचं घर सांगितलं, दाराची फट सांगितली, लाकडी खुर्ची सांगितली. आणि सांगता सांगता त्याला जाणवलं की आपण छान सांगतोय. अडतीस वर्षं एका कुत्र्याला पायरीवर झोपवायची सवय झालेली, ती जीभ थोडीच गप्प बसते? कुठे थांबायचं हे तिला ठाऊक होतं. "त्यांच्या हातात काय होतं ठाऊक आहे?" असं म्हणून तो थांबला, लोकांना ताटकळू दिलं आणि मग म्हणाला, "गजराचं घड्याळ!" सभागृह खो-खो हसलं. त्याला ते हसणं आवडलं. त्याने बसकं केलेल्या नाकाची गंमत सांगितली, पुन्हा हशा पिकला. "आणि तो दारुडा, ज्याने आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलं नाही, तो आज इथे बसलाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. आता बसचं सांगायचं, त्याच्या मनात होतं. पण टाळ्या चालूच होत्या, आणि त्या चालू असताना मागच्या दाराने उतरल्याचं कुठे सांगायचं? थोडं थांबू, असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर पुढे आला. "आजोबा, वर या ना! पोस्टरखाली खुर्ची ठेवलीय. तसेच बसा, मान मागे, डोळे मिटून. आणि तोंड उघडा बरं का!"

लोक आनंदाने हसत होते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. भाऊजी मंचावर आले आणि खुर्चीपाशी थांबले. त्यांनी चित्रकाराकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. 'नको' म्हणायला किती वेळ लागतो? चित्रकाराच्या घशापर्यंत तो आला. पण सगळे इतके खुश होते, आणि नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, सुपरवायझर आणि रोजची पहाट सांगावी लागली असती. तो हसरा चेहरा तसाच ठेवून उभा राहिला.

भाऊजी बसले. त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

कॅमेरा चमकला, पुन्हा चमकला. "अजून थोडं उघडा, आजोबा!" भाऊजींनी अजून उघडलं. तेव्हा ताई उठली. ती मंचावर चढली, नवऱ्याच्या हनुवटीखाली तळहात ठेवला आणि हलकेच त्यांचं तोंड मिटलं. "उठा," ती म्हणाली. "घरी जाऊ." भावाकडे तिने पाहिलंही नाही. लोकांनी कौतुकाने वाट करून दिली आणि ती दोघं जिन्याकडे जाईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

"थांबा, अजून राहिलंय," चित्रकार माइकवर म्हणाला. पण संयोजकांनी चहा तयार असल्याचं सांगितलं होतं आणि खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. शेवटी एकटी लेखिका वही घेऊन समोर उभी राहिली. तिला त्याने उरलेलं सांगितलं, बस, वर्कशॉप, 'बाटली', सगळं. अर्ध्यावर तिचं लिहिणं थांबलं.

"हे पुस्तकात घालायचं?" तिने विचारलं.

"घाला. मघाचं फोटोचंही घाला. मी 'नको' म्हटलं नाही, तेसुद्धा."

तिच्या नजरेत इतके दिवस जो आदर असायचा तो त्याने शोधून पाहिला, आणि शोधल्याचीही त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटो होता. वर पोस्टर, खाली खरे भाऊजी, दोघांची तोंडं सारखीच उघडी. मथळा होता, 'हाच तो प्रसिद्ध दारुडा!' आणि त्याखाली चित्रकाराचं नाव, मोठ्या ठळक अक्षरांत. बातमीत घड्याळ होतं, बसक्या नाकाची गंमत होती. बस नव्हती. बातमीदार चहाच्या आधीच गेला होता. खपाचं वर्तमानपत्र, घरोघरी जाणारं. भाऊजी ज्याला भीत होते ते त्याने एका सकाळीत पुन्हा करून दाखवलं होतं.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. ताई होती.

"पेपर बघितलास?"

"ताई, मी… मला थांबवायला हवं होतं. मी काय तोंडाने…"

"मी यांना सांगितलं, जाळून टाका तो पेपर," ताई म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "तर कात्री घेऊन बसलेत. नीट कापताहेत. मी विचारलं, हे कशाला ठेवताय? तर म्हणाले, बघ तरी, आपल्या सोन्याचं नाव केवढ्या मोठ्या अक्षरांत आलंय."